येते हं

चारुशीला पिंपळशेंडे चौथ्या मजल्यावर लिफ्टमधून उतरली, तेव्हा सगळ्या दारांखालच्या फटींतून तोच गुलाबी उजेड बाहेर आला होता. चंद्रपूरच्या कुठल्याही इमारतीत सकाळी आता असंच दिसायचं. माणसं अजून अंथरुणात आणि पानकपाटं मात्र कामाला लागलेली.

फ्रिजएवढं उंच, काचेच्या दाराचं हे कपाट घराघरांत येऊन बरीच वर्षं झाली होती. उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकायला लागला, तशी उघड्या रानातली मेथी वीतभर व्हायच्या आधीच करपू लागली आणि वांग्याचं फूल फळ धरायच्या आधीच गळू लागलं. मग भाजीनं माणसासारखंच केलं. तीही घरात येऊन बसली. मातीऐवजी खतपाणी आणि सूर्याऐवजी दिवे. खतपाणी इमारतीच्या सामाईक टाकीतून नळानं यायचं आणि दिव्यांचं वेळापत्रक कपाट स्वतः सांभाळायचं. एखादं पान आजारी दिसलं, की आतला कॅमेरा त्याचे फोटो काढायचा आणि कपाट रोगाचं नाव सांगून मोकळं व्हायचं. हजारो आजारी पानांचे फोटो पाहून ते शिकलं होतं, आणि चार बुकं शिकलेल्या माणसासारखाच त्यालाही आपल्या विद्येचा अभिमान असावा, असं त्याच्या आवाजावरून वाटे.

कपाटाचं म्हणणं खरं की खोटं, हे प्रत्यक्ष पान हातात घेऊन ठरवणाऱ्या माणसांना पर्णवैद्य म्हणत. चारू त्यांतली एक, पर्णवैद्यांच्या केंद्रात नोकरीला. लोक तिला 'पानांची डॉक्टरीण' म्हणायचे आणि म्हणताना हसायचे. ती रागवत नसे, कारण पान बरं झालं की तेच लोक चहा पाजत.

दाराबाहेर सोसायटीचे सचिव वासेकर उभे होते. त्यांच्या हातात जाड काळी पिशवी होती.

"मॅडम, कपाटानं केवडा सांगितला हाय," ते दबक्या आवाजात म्हणाले. "तुम्ही सही करा अन् मोकळ्या व्हा. बाकीचं मी पाहतो."

केवडा म्हणजे पानांवर पिवळे-हिरवे ठिपके उमटवणारा विषाणू. तो पाण्यातून पसरतो, हाताला लागूनही पसरतो. एका कपाटात शिरला की सामाईक टाकीतून साऱ्या इमारतीत जाणार. म्हणून नियम कडक होता. पर्णवैद्यानं सही केली, की त्याच दिवशी रोपं उपटून पिशवीत बंद करायची आणि जाळायची.

"पाहू तरी द्या, वासेकरसाहेब."

"पाहा नं, मी काय नाही म्हणतो? पण माझी सून बाळंत झाली हाय परवा. तिच्यासाठी मेथी अन् शेपू लावला हाय कपाटात. तो गेला तं पोरीले काय खाऊ घालू?" त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "कुंदाकाकूले मीच सांगायला पायजे होतं. पण हिंमत नाही झाली, खरं सांगतो."

दार उघडलं ते त्याच क्षणी. आतून सारं ऐकलं असावं. सत्तरी ओलांडलेली, चणीनं लहान, पण नजरेनं समोरच्याला जागेवर उभं करणारी बाई दारात होती. ह्याच कुंदा बावणे.

"डॉक्टरीण म्हणजे तू? ये. चप्पल तिथं काढ. अन् आधी एक सांग, झाडं पाहायला आली का उपटायला?"

"पाहायला आले, काकू."

"मंग ये." त्यांनी वासेकरांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "तुम्ही बाहेरच बसा भाऊ. ते काळं घेऊन घरात नका येऊ."

इतरांचं कपाट स्वयंपाकघरात असे. काकूंचं मधल्या खोलीत होतं, भिंतीला लागून. शेजारी एक पलंग आणि पलंगावर नीट घडी घातलेली चादर. कपाटात भाजी अशी एकच होती, वांग्याची चार रोपं. पानं पिवळी पडलेली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिलेल्या. कपाटाच्या फोटोंत दिसायची त्याहूनही वाईट दिसत होती. एका रोपाला मात्र एक वांगं लागलं होतं, मुठीएवढं, जांभळं, त्यावर पांढऱ्या रेघा.

"हे खायचं नाही," काकू म्हणाल्या. "बियाचं हाय. पिकून पिवळं होऊ द्यायचं हाय त्याले."

मग काकूंनी न विचारताच सगळं सांगून टाकलं. त्यांचे यजमान नानाजी शहराच्या पाण्याच्या पंपावर फिटर होते. हे वांगं त्यांच्या आईच्या गावचं, वैनगंगेच्या काठचं. भाजलं की साल आपोआप सुटते, बी कमी, आणि वास असा की शेजारी ताट घेऊनच येतात. गावात आता वांगी कोणी लावत नाही, लावली तर येत नाहीत. नानाजींनी डब्यात बी जपून ठेवलं होतं. ते गेल्यावर डबा तसाच राहिला आणि बी जुनं झालं. शेवटी चिमूटभर उरलं होतं, ते काकूंनी सगळं कपाटात लावलं. त्यातून ही चार रोपं उगवली.

"आता डब्यात काही नाही," त्या म्हणाल्या. "जे हाय ते एवढंच."

चारूनं भिंग काढलं. डॉक्टरनं रोग्याच्या नातेवाइकांसमोर तोंड पाडून चालत नाही, हे तिला पाच-सहा वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. तिनं एकेक पान उलटंसुलटं करून पाहिलं. पिवळेपणा शिरांच्या मधेच होता. केवड्यातही तसाच असतो. पण केवड्यात नवी पालवी चुरगळलेली येते, पानांच्या कडा वेड्यावाकड्या होतात. इथं शेंड्याची पालवी लहान होती, फिकी होती, पण सरळ होती.

"कपाट, रोग सांग," ती म्हणाली.

"केवडा. शक्यता दाट आहे," कपाट म्हणालं. "रोपं काढून टाकण्याची शिफारस आहे."

"तोंड पाहा याचं," काकू पुटपुटल्या. "बोलते कसं, जसं काही यानंच पेरलं."

तिसऱ्या रोपाच्या फांदीवर एक काळी चिंधी बांधलेली होती.

"हे काय, काकू?"

"नजर लागू नये म्हणून. लोक पाहतात नं काचेतून. तू हसू नको बरं. जिथं चिंधी हाय तिथलं पान पाहा कसं हाय ते."

चारू हसणार होतीच, पण तिनं पाहिलं आणि हसू राहून गेलं. चिंधीची लोंबती बाजू एका मोठ्या पानावर पडली होती. चारूनं ती अलगद वर उचलली. चिंधीखालचा पानाचा भाग गर्द हिरवा होता. बाहेरचा पिवळा. दोन्हींच्या मधली रेघ पट्टीनं आखावी इतकी सरळ होती.

विषाणू पानाच्या रसातून फिरतो. चिंधीची सावली आली म्हणून तो काही वाट बदलत नाही. सावलीत पान निरोगी आणि उजेडात आजारी, म्हणजे दुखणं उजेडाचंच असणार. चारूला एकदम हुरूप आला. तिनं उजेडमापक काढून पानांवर धरला. पण आकडा अगदी हवा तेवढाच होता, तसूभर जास्त नाही.

"रात्री दिवे बंद असतात का?" तिनं कपाटाला विचारलं.

"झाडांचे दिवे रात्रीचे आठ तास बंद असतात. एकही दिवस खंड नाही."

चारूचा हुरूप जिथल्या तिथे बसला. उजेड जास्त नाही, रात्र पुरेशी, खतपाणी सगळ्या इमारतीचं तेच. बाहेर वासेकरांनी घसा खाकरला. ऊन चढायला लागलं होतं. थोड्या वेळानं रोजच्यासारखे उन्हापायी रस्ते बंद झाले असते आणि ती संध्याकाळपर्यंत इथेच अडकली असती. सही केली तर पाच मिनिटांत सुटका होती. तिला स्वतःचाच राग आला, की आपल्याला हे सुचलं तरी कसं.

"डोकं चालत नाही नं?" काकू उठल्या. "थांब, चहा ठेवते." त्यांनी कपाटाच्या काचेवर हलकेच हात ठेवला आणि म्हणाल्या, "येते हं."

"या. आपलं स्वागत आहे," कपाट म्हणालं, आणि कपाटाच्या छताशी एक पांढरा स्वच्छ दिवा लागला.

काकू स्वयंपाकघरात गेल्या. चारू पुन्हा पानांकडे वळली. पांढऱ्या उजेडात पिवळेपणा आणखीच उघडा पडला होता. तिला बरं वाटलं, आता नीट दिसतंय म्हणून. आतून भांड्यांचा आवाज आला, चहाचा वास आला, आलं किसल्याचा वास आला. दिवा चालूच होता. काकू दोन कप घेऊन आल्या, तरी दिवा चालूच होता.

"काकू, हा पांढरा दिवा केव्हा बंद होतो?"

"तो? सकाळी गुलाबी लागले का मिटते आपोआप. तोवर असतेच."

"रात्रीसुद्धा?"

"हो नं. गुलाबी बंद होतात, हा राहाते. रात्री पाणी प्यायला उठली का दिसते." काकूंनी बशीत चहा ओतला. "बरं वाटते. घरात कोणी जागं हाय असं वाटते."

चारूनं कप खाली ठेवला. या दिव्याचं नाव कपाटाच्या माहितीपत्रकात 'स्वागत-दिवा' असं होतं. माणूस कपाटापाशी आला की त्याला झाडं नीट दिसावीत म्हणून तो लागायचा. पण माणूस आला हे कपाटाला कळणार कसं? घरात पाहणारा कॅमेरा लोकांना नको होता, आणि बरोबरच होतं ते. म्हणून कपाटाला आत पाहणारा डोळा दिला होता आणि बाहेर ऐकणारे कान. 'आले', 'येते', 'आलो' असं काही ऐकलं की दिवा लावायचा. 'जाते', 'जातो' ऐकलं की मिटायचा, नाहीतर थेट सकाळी गुलाबी दिवे लागताना. तरुण मंडळी कपाटाशी बोलतच नसत, त्यांचं सगळं फोनवरच्या बटणावर चाले. दिव्यानं केलेल्या कामाची नोंद ठेवायची गरज कोणाला वाटली नव्हती, कारण तो उजेड माणसांसाठी होता, झाडांसाठी नव्हता. पानाला मात्र कोणाचा उजेड कोणासाठी, हे कोण सांगणार?

चारूच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडण्यासाठी याहून योग्य जागा निवडता आली नसती.

"काकू, रात्री झोपायला जाताना यांना काय म्हणता?"

"काय म्हणणार? येते हं, म्हणते."

"आणि कपाट आणलं तेव्हा कंपनीच्या माणसानं काय सांगितलं होतं? काय म्हणायचं?"

बशीतला चहा निवला, तरी त्यांनी तोंडाला लावला नाही.

"जाते म्हणा, असं सांगितलं होतं त्यानं," त्या शेवटी म्हणाल्या. "मी नाही म्हणत."



"आमचे हे रोज पंपावर जाताना 'येतो गं' म्हणत. लग्न झाल्यापासून. एकदा उन्हाळ्यात दुपारी फोन आला, पंप बंद पडला म्हणून. घाईत निघाले. पायात चपला घालता घालता म्हणाले, 'जातो'. मी आतून ओरडली, 'येतो म्हणा!' जिन्यात हसू आलं त्यायचं ऐकू. म्हणाले का नाही, ते नाही आलं ऐकू." काकूंनी चादरीची घडी उगीचच सारखी केली. "रस्त्यातच ऊन लागलं. पंपापर्यंत पोचलेच नाहीत."

बाहेर वासेकरांची खुर्ची करकरली. त्यांनाही ऐकू जात असावं.

"शब्दानं माणूस मरत नसते, एवढं मलेबी समजते," काकू म्हणाल्या. "पण तो शब्द माझ्या तोंडातून नाही निघत. झाडाले तं नाहीच नाही."

चारूला वाईट वाटलं, अगदी मनापासून. औषध काय आहे ते तिला आता ठाऊक होतं, आणि ते सांगणं कठीण होतं. पण सांगायला तर हवंच होतं.

"काकू, ही झाडं आजारी नाहीत. यांना झोप नाही."

मग तिनं समजावून सांगितलं. पान उजेडात अन्न शिजवतं. पण शिजवलेलं सगळं त्याच वेळी वाटत बसत नाही, बरंचसं पानातच साठवतं. रात्र झाली, की ते साठलेलं शेंड्याला, मुळांना, फळाला पोचवतं. रात्रच झाली नाही, तर एखाद्या लग्नघरी चूल अखंड पेटलेली आणि वाढायला कोणी उठतच नाही, तसं होतं. अन्न पानातच साचतं, आणि पानाचा हिरवेपणा, म्हणजे त्यातलं हरितद्रव्य, हळूहळू मरतं. मेथीला, पालकाला त्याचं फारसं वाटत नाही. वांगं आणि टोमॅटो मात्र अंधाराशिवाय राहू शकत नाहीत.

काकूंचा चेहरा उतरला. "दिवेलागण झाली का झाडाले हात लावू नये, ते झोपलं असते, असं माझी माय सांगे. अन् मीच... म्हणजे मीच मारून राहिली होती का त्यायले?"

"नाही काकू. तुम्ही बरोबरच बोलत होता. ऐकणाऱ्याला कळलं नाही."

वासेकर दारात येऊन उभे राहिले होते. पिशवी त्यांनी बाहेरच ठेवली होती, हे चारूच्या लक्षात आलं.

"मॅडम, मले पटते तुमचं," ते म्हणाले. "पण खरंच केवडा निघाला तं? पसरला साऱ्या बिल्डिंगमधी तं?"

"काकूंच्या कपाटाचा नळ बंद करा. खतपाणी बादलीनं द्यायचं, बादली वेगळी ठेवायची. नवी पालवी हिरवी आली तर प्रश्नच मिटला. पिवळी आली, तर मी स्वतः येऊन उपटते."

हे बोलताना तिनं काकूंकडे पाहिलं नाही. केंद्रातल्या वरिष्ठांना काय उत्तर द्यायचं, याचा विचार तिनं तूर्त पुढे ढकलला. केवड्याचा संशय असताना सही न करता परतलेला पर्णवैद्य तिनं अजून पाहिला नव्हता.

वासेकर जरा वेळ दाराच्या चौकटीला टेकून राहिले. "नानाजीभाऊनं भरीत केलं का पहिलं ताट आमच्याकडे यायचं," ते म्हणाले आणि नळ बंद करायला खाली गेले.

आता राहिलं कपाट. चारूनं आपलं ओळखपत्र काचेवर टेकवलं आणि कपाटाची शिकवणी सुरू केली.

"नवा शब्द सांगा," कपाट म्हणालं.

"येते."

"हा शब्द मला माहीत आहे. अर्थ, येणे."

"अर्थ बदलायचा आहे. येते म्हणजे जाते."

"हे दोन्ही शब्द विरुद्ध अर्थाचे आहेत. कृपया एकच निवडा."

"येडं हाय का बाप्पा हे!" काकू उसळल्या. "घरातून निघालेलं माणूस 'जाते' म्हणते काय कधी?"

"मग 'जाते' केव्हा म्हणतात?" कपाटानं विचारलं.

काकूंनी पदरानं काच पुसली.

"म्हणत नसतात," त्या म्हणाल्या. "जायचं असलं तरी म्हणत नसतात."



"समजलं. निघणारी व्यक्ती 'येते' म्हणते, कारण ती परत येणार असते. बरोबर?"

"बरोबर," काकू म्हणाल्या.

"मग परत केव्हा येणार, हे मला विचारावं लागेल."

चारू चमकली. हे तिनं शिकवलं नव्हतं. पण कपाटाच्या बाजूनं पाहिलं, तर त्यात चूक काही नव्हती. कोणी रात्रीपुरतं जातं, कोणी गावाला जातं. किती अंधार करायचा आणि किती पाणी राखायचं, हे कळायला त्याला परतीची वेळ हवीच होती.

"म्हणून पाहा, काकू," ती म्हणाली.

काकूंनी काचेवर हात ठेवला. "येते हं."

"बरं. परत केव्हा येणार?"

काकूंनी चारूकडे पाहिलं, मग वांग्याकडे. "सकाळी," त्या म्हणाल्या.

पांढरा दिवा मिटला. मागोमाग गुलाबीही मिटले. पडद्यातून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात चार रोपं साधीसुधी दिसू लागली, कुणाच्या परसात असावीत तशी. काकूंचा हात काचेवरच होता.

"तुम्हांला रात्री अंधार होईल," चारू म्हणाली. "स्वयंपाकघरात एक लहान दिवा लावून देऊ का? इकडे उजेड येणार नाही असा?"

"नको. त्यायले झोपू दे. मीबी झोपून पाहते."

चारू संध्याकाळपर्यंत तिथेच अडकली, हे सांगायला नकोच. दुपारी काकूंनी तिला पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि लग्न कधी करतेस, हेही विचारून घेतलं.

पिवळं पडलेलं पान परत हिरवं होत नाही. त्यामुळे पुढचे काही आठवडे चारू प्रत्येक फेरीला नुसता शेंडाच पाहायची. आधी एक पान फिकट हिरवं आलं. मग दुसरं जरा गडद आलं. तिसरं आलं ते काळपट हिरवं, रुंद आणि काटेदार, वांग्याच्या पानानं जसं असावं तसं. त्या दिवशी वासेकरांनी स्वतः नळ उघडला आणि शेपूची एक जुडी काकूंच्या हातात ठेवून गेले.

एका कपाटानं शिकलेलं सगळी कपाटं शिकतात. ही सोय होती, आणि त्या सोयीमुळेच केंद्रात एक गोष्ट उघडकीला आली. 'येते'चा नवा अर्थ पसरल्यावर विदर्भापासून कोकणापर्यंत कितीतरी घरांत वांगी आणि टोमॅटो आपोआप सुधारले. बहुतेक घरं एकट्या राहणाऱ्या, कपाटाशी बोलणाऱ्या वयस्क माणसांची होती. ज्या घरांतली रोपं केवड्याच्या नावाखाली आधीच जळली होती, त्यांचं काय, हे कोणी मोठ्यानं विचारलं नाही. चारूनं विचारलं. वरिष्ठांनी तिला बसवून पाणी दिलं, त्याहून जास्त त्यांनाही काही सुचलं नाही.

आता संध्याकाळ झाली, की घराघरांतली कपाटं माणसांना विचारू लागली, 'परत केव्हा येणार?' बऱ्याच जणांना गंमत वाटली. काहींनी तक्रार केली. गोंदियाचे एक गृहस्थ त्याला रोज दिवसभराची सगळी कहाणी सांगूनच झोपायला जात, अशी बातमी केंद्रात आली, आणि त्यावर सगळे हसले. चारू हसली नाही.

वांगं पिकून पिवळंधमक झालं. काकूंनी ते चिरून बी काढलं, धुतलं आणि सावलीत कागदावर वाळवलं. चारू त्या सकाळी गेली, तेव्हा बी दोन पुड्यांत बांधून तयार होतं. काकूही तयार होत्या, इस्त्रीचं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन. नागपूरला लेकीकडे निघाल्या होत्या, डोळ्याचं ऑपरेशन करायला. नानाजी गेल्यापासून पहिल्यांदाच घर सोडत होत्या.

"हे तुले," त्यांनी एक पुडी चारूच्या हातात दिली. "लावजो. डब्यात ठेवून नको देऊ माझ्यासारखी."

खाली वासेकर गाडी घेऊन थांबले होते. काकू कपाटापाशी गेल्या. रोपांना नवी फुलं आली होती, जांभळी, माना खाली घातलेली.

"येते हं," त्या म्हणाल्या.

"बरं. परत केव्हा येणार?"

"आठ-दहा रोजानं."

"ठीक आहे. झाडांची वाढ तोवर मंद ठेवली जाईल." दिवे निम्म्यावर आले. काकू वळल्या, तेवढ्यात कपाट पुन्हा बोललं. "ठरल्या वेळी आपण न आल्यास किती दिवस वाट पाहायची? त्यानंतर रोपं काढून नेण्यासाठी सोसायटीला कळवावं लागेल."

विचारणं चुकीचं नव्हतं. रिकाम्या घरात कुणाची वाट पाहत झाडं वाळून जाऊ नयेत, म्हणून कोणालाही हे विचारावंच लागलं असतं. आणि काकू जे उत्तर देतील, ते आज रात्रीपर्यंत सगळी कपाटं शिकणार, हे चारूला ठाऊक होतं.

काकूंनी पिशवी खाली ठेवली. पलंगाकडे पाहिलं, त्यावरच्या घडी घातलेल्या चादरीकडे पाहिलं.

"मी तं अजूनबी वाट पाहून राहिली," त्या हळूच म्हणाल्या.

कपाट ऐकत होतं. त्याला दिवसांचा आकडा हवा होता.

काकू चारूकडे वळल्या. "किती सांगू याले, पोरी?"